शेषरावांचे तीन डबे

नारायणगुड्याच्या एका हॉलमध्ये शेषरावांची शोकसभा झाली. मी कमलला, म्हणजे त्यांच्या बायकोला, धरून पहिल्या रांगेत बसले होते. एकेक माणूस उठत होता आणि बोलत होता. शेषराव रसिक होते. शेषरावांसारखा कान हैदराबादेत नाही. शेवटी एक गृहस्थ उठले. त्यांना मी शेषरावांच्या घरी कधी पाहिलेलं नाही. ते रुमाल डोळ्याला लावून म्हणाले, या माणसाने पत्नीच्या प्रेमाखातर आयुष्यभर जमवलेला स्टिरिओ विकला आणि साधा एक डबा घरात आणला, केवढा हा त्याग. लोकांनी माना डोलावल्या.

कमलने माझा हात दाबला. "आक्का, कोण बोलायलंय हे?"

"कोण की. चष्मेवाला आहे."

"त्याला म्हणावं, बस खाली."

कुणी म्हणालं नाही. मी उठायला लागले तर माईकपाशी उभ्या असलेल्या पोरीने हातानेच मला बसा म्हणून सांगितलं. बोलणाऱ्यांची नावं आधी द्यायची असतात म्हणे. तेव्हा आता लिहिते. शेषराव वाईट माणूस नव्हते. पण माणूस गेला की त्याला फुकटात देव करायचं, ही जी आपल्या लोकांची रीत आहे तिची मला चीड आहे. देव केला की त्याच्या घरातल्या बाईने काय सोसलं ते विचारायची गरज उरत नाही.

नल्लकुंट्यात आमची दोन घरं एका भिंतीची. मी आले तेव्हा माझे मालक सिकंदराबादला रेल्वेत होते. शेषराव विजेच्या खात्यात. दोघांचीही गावं नांदेडकडची, दोन्ही घरं शेतकऱ्याची, त्यामुळे बोलणं लगेच जमलं. ते मला आक्का म्हणत, मी त्यांना शेषराव. उंच, वाळकुडे, मान कायम डाव्या अंगाला थोडी कललेली. आमचे मालक म्हणायचे, मानेत उसण भरली असेल. उसण नव्हती. ते ऐकत असायचे. भाजीवाला ओरडला तरी मान कलती, रिक्षाचं इंजिन बिघडलं तरी मान कलती. एकदा सकाळी दारात उभं राहून मला म्हणाले, "आक्का, तुमच्या कुकरची शिट्टी उतरली. रबर बदला." बदललं, आणि शिट्टी खरंच सरळ झाली. असा तो कान. त्याबद्दल सभेत जे बोलले त्यात खोटं काही नव्हतं.

खोटं होतं ते पुढचं.

त्यांच्या हॉलमध्ये एका भिंतीला शहाबादी फरशीचा ओटा बांधून घेतलेला होता आणि त्यावर ते सगळं मांडलेलं. गाणं जिथून निघतं तो टेप आणि तो सीडीचा प्लेअर, हे मला समजत होतं. पण गाणं तिथून थेट स्पीकरला जात नसे. मध्ये आणखी तीन डबे. एक लहान, त्याला ते प्री म्हणायचे. आवाज कमी-जास्त करायचं चाक त्यावर. आणि दोन मोठे काळे, पाटावरवंट्यासारखे जड. ते पॉवर. एक डाव्या स्पीकरचा, एक उजव्या. मी विचारलं, तीन कशाला? ते म्हणाले, "प्रत्येकाचं काम वेगळं ठेवलं की एकाची घाण दुसऱ्यात उतरत नाही, आक्का. आवाजात हवा राहते."

हवा हा त्यांचा शब्द. कुठल्याही गाण्याला पहिला प्रश्न, हवा आहे का. हवा नसली की हात झटकायचे, माशी हाकलावी तसे.

आता त्या डब्यांचा नेम ऐका. आधी प्री चालू करायचा. त्याचा लाल दिवा हिरवा होईपर्यंत थांबायचं. मग डावा पॉवर, मग उजवा. बंद करताना उलटं. दोन्ही पॉवर आधी, प्री शेवटी. हे चुकलं की स्पीकरमधून धाड आवाज येतो आणि आतला पडदा फाटू शकतो. करंट गेला तर धावत जाऊन सगळी बटणं बंद करायची, कारण करंट परत आल्यावर तिन्ही डबे एकदम उठले तरी तेच. बरं, ते पॉवर तापल्याशिवाय नीट बोलत नाहीत म्हणून रविवारच्या बैठकीसाठी शनिवारी संध्याकाळपासूनच चालू. मग करंट जाईल या भीतीने शेषराव हॉलमध्ये त्यांच्या पायथ्याशी चटई टाकून झोपायचे. पोरगं तापाने फणफणलं तेव्हा त्याच्या उशाला कमल बसली होती. मी पाहिलेलं आहे.

आणि या सगळ्याला कमलने हात लावायचा नाही. पुसायचंसुद्धा नाही. एका दसऱ्याला तिने शस्त्रपूजेत विळी, पोराची सायकल, शिलाई मशीन यांच्याबरोबर डब्यांनाही हळदकुंकू वाहिलं. नवऱ्याचं हत्यार ते, वाहणारच. वरच्या जाळीतून कुंकू आणि अक्षता आत गेल्या. शेषराव दिवसभर स्क्रू काढून ब्रशने तांदळाचे दाणे टिपत बसले. त्या दिवशी हुकूम निघाला. लग्नाची बायको, घरात केर तिने काढायचा, पण त्या ओट्याच्या अलीकडे थांबायचं.

तरी तिने एक केलंच. थंडीत दूध विरजेना म्हणून ती शनिवारी, ते बाहेर गेले की, विरजणाचं भांडं फडक्यात गुंडाळून उजव्या पॉवरवर ठेवू लागली. ते यायच्या आत उचलायची. दही असं लागायचं की सुरीने कापावं. मीही खाल्लेलं आहे. एका रविवारी बैठकीतला कुणी पाहुणा दहीवड्याची तारीफ करून गेला आणि त्याच दिवशी शेषरावांना काळ्या डब्यावर भांड्याचा पांढरा गोल दिसला.

"ही काय चूल आहे?" ते म्हणाले.

"चुलीपेक्षा बरी," कमल म्हणाली. "फुंकावी लागत नाही."

यावर लोक हसतात. मीही हसले होते. पण नीट बघा. एवढं महागाचं सामान घरात, आणि तिच्या वाट्याला त्यातली नुसती ऊब, तीही चोरून.

रविवारच्या बैठकीला तीन-चार जण यायचे. त्यातले मूर्ती हे मुख्य. शेषरावांच्याच कचेरीतले, गुंटूरकडचे, गोल चेहऱ्याचे, हसरे. मला तेलुगूत मान देऊन अक्कागारू म्हणायचे. सगळे डोळे मिटून बसायचे. बोलायचं नाही, खोकायचं नाही. कमलने भजी करायची, पण पाहुणे यायच्या आधी. का तर तळणीचा चरचर आवाज आलापात मिसळतो. म्हणजे जाणकारांनी गार भजी खायची आणि ताजं गाणं ऐकायचं. शेषराव माझ्याकडेही एकदा आले होते, मी मिरच्या कांडत होते तेव्हा. "आक्का, जरा वेळ थांबता का? उखळाचा ठोका जमिनीतून येतो."

मी म्हणाले, "तुमचं गाणं भिंतीतून येतं. मी कधी थांबवलं?"

ते विचारात पडले. खरंच पडले. मग म्हणाले, "भिंतीतून कसं ऐकू येतं? खालचे स्वर पोचतात का?" मी दार लावून घेतलं. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं.

कमलला गाण्याचं वेड त्यांच्याइतकंच होतं, फक्त तिचं गाणं वेगळं. तिचा भाऊ गावात भजनी मंडळात. सप्ताह झाला की तो तिथली कॅसेट भरून पाठवायचा. भाऊ काही मोठा गवई नव्हता. टाळ मागे पडायचा, पेटी फाटकी, मध्येच कुणी खाकरायचं, कुणाची म्हैस हंबरायची. कमलला ते सगळं हवं असायचं. ती म्हशीलासुद्धा ओळखायची. शेषरावांनी त्यातली एक कॅसेट एकदा लावली, थोडी ऐकली आणि काढली. "नुसती घरघर आहे. टेपचं हेड खराब होईल." कॅसेटी पेटीत गेल्या, लुगड्यांखाली.

हे सगळं चालून गेलं असतं. आपल्या बायकांचं चालूनच जातं. पण कमलला काचबिंदू झाला.

इथे एक सांगते, कारण खरं ते खरं. दिवसातून दोन वेळा तिच्या डोळ्यात थेंब घालायचे असत ते शेषराव घालायचे. कॅसेटला हात लावण्याआधी धुवायचे तसेच साबणाने हात धुवायचे, बोटं एकेक करून, आणि एक थेंब कधी गालावर पडला नाही. कधी वेळ चुकली नाही. पण नजर जायची ती गेलीच. कडेने अंधार आत सरकत आला. आधी पोथी सुटली, मग टीव्ही, मग भाजी निवडणं. भाताची वाफ कळायची, तांदळातला खडा कळायचा नाही. दुपारी शेषराव बाहेर पडले की ती हॉलमध्ये खुर्चीवर बसायची. समोर गाण्यांनी भरलेली भिंत आणि घरात चिडीचूप. मी गेले की विचारायची, "किती वाजले?" थोड्या वेळाने परत, "किती वाजले?"

मी माझा छोटा रेडिओ तिला नेऊन दिला. दुसऱ्या दिवशी शेषराव तो पंच्यात गुंडाळून माझ्या दारात. "रागावू नका आक्का. पत्र्याचा आवाज आहे हा. घरात राहिला तर कानाला तशी सवय लागते."

"कुणाच्या कानाला?"

"दोघांच्याही."

"शेषराव, तिला दिसत नाही."

"म्हणून तर," ते म्हणाले. "आता कानच राहिलेत. त्यांना चांगलंच द्यायला पाहिजे. मी घरी असलो की लावतोच की."

हे ते मनापासून बोलत होते, म्हणून जास्त राग आला. लबाड माणसाला चार शब्द सुनावता येतात. हा माणूस आंधळ्या बाईला दिवसभर बहिरं ठेवत होता आणि त्याला वाटत होतं आपण तिचे कान जपायलोय. मुलगा बंगलोरला. त्याने मोबाइल पाठवला, त्यात सगळी गाणी आहेत म्हणे. गुळगुळीत काच. बोट कुठे टेकवायचं हे तिला कसं दिसणार? मोबाइल पाठवताना पोराला तेही सुचलं नाही.

ते दिवस राज्य फुटण्याचे. आज बंद, उद्या रास्ता रोको, परवा मोर्चा. कचेऱ्यांमध्ये कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार याची मोजदाद. शेषराव निवृत्त झाले होते पण मूर्तींची अजून नोकरी होती आणि त्यांना तिकडच्या राज्यात जावं लागणार हे जवळपास ठरलं होतं. करंटचा तर काही भरवसाच नव्हता. अशा एका बंदच्या दिवशी शेषराव सकाळीच मूर्तींकडे सिकंदराबादला गेले आणि तिथेच अडकले. बस नाही, रिक्षा नाही.

कमलने भिंतीवर थापटून मला बोलावलं. गेले तर ती ओट्यापाशी उभी. हातात कॅसेट.

"आक्का, मला नेम येतो," ती म्हणाली. "इतकी वर्षं स्वयंपाकघरातून ऐकायली. टिक होतं, मग थांबतात, मग टक, मग टक. दिवा हिरवा झाला की तेवढं सांग."

मी सांगितलं. तिने चाचपत एकेक बटण दाबलं, बरोबर त्याच क्रमाने. कॅसेट लावली आणि तिचा भाऊ भिंतभर गाऊ लागला. टाळ मागे पडला. म्हैस हंबरली. कमल खाली फरशीवरच बसली, मांडी घालून, आणि कडव्याच्या शेवटी टाळी देऊ लागली. मला भजनाचं फारसं नाही. पण त्या बाईचं तोंड इतकं उजळलेलं मी कितीतरी दिवसांत बघितलं नव्हतं.

मग करंट गेला. आम्ही दोघी म्हाताऱ्या बोलत बसलो, गावच्या आठवणी निघाल्या, बटणं बंद करायची कुणाच्या ध्यानात राहिली नाही. करंट आला तो धाड करून आला. उजव्या स्पीकरमधून फाटक्या पत्र्यासारखा आवाज निघाला आणि तो बंद पडला.

मी इथे चूक कबूल करायला बसलेले नाही. चूक करंटची आणि त्या डब्यांची. घरातली बाई दोन शब्द बोलत बसली म्हणून जी वस्तू मरते ती वस्तू घरात ठेवायच्या लायकीची नाही.

शेषराव सिकंदराबादहून चालत आले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला. त्यांनी ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ज्या एक्स्टेन्शन बोर्डात सगळ्या वायरी जायच्या तो बोर्ड काढला, वायर व्यवस्थित गुंडाळली, कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली शर्टाच्या खिशात टाकली. जेवणाऱ्याच्या पुढ्यातलं ताट उचलावं तसं. माझ्यासमोर. कमलला दिसलं नाही, पण कुलपाचा आवाज तिने ऐकला. कान तिलाही होते.

स्पीकर दुरुस्त झाला. रविवारी बोर्ड कपाटातून निघायचा, बैठक संपली की परत कपाटात. मी शेषरावांशी बोलणं टाकलं. एकदा गेटपाशी त्यांनी अडवलं. "आक्का, तुम्हाला कळत नाही असं नाही. वेगळं वेगळं ठेवलं तरच ते नीट चालतं."

"चालतं की," मी म्हणाले. "कमलला इतकं वेगळं ठेवलंत की तिचा त्रास तुमच्यापर्यंत कधी आलाच नाही."

ते मान कलती करून उभे राहिले. मी निघून गेले.

पण माझ्या बोलण्याने काही झालं असं मी म्हणणार नाही. जे केलं ते कमलने केलं. मूर्तींची बदली पक्की झाली, ते जाण्याआधीची शेवटची बैठक. बाकीचे आधीच पांगले होते, कुणी तिकडे, कुणी मुलाकडे. शेषराव, मूर्ती आणि आणखी एक जण, एवढेच. मला निरोपाचे दोन लाडू करून आणायला सांगितले होते म्हणून मी स्वयंपाकघरात होते. भज्यांचं पीठ तयार, कढईत तेल, पण कमलने काहीच तळून ठेवलेलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "थांब."

बाहेर गाणं सुरू झालं. बाई कुणीतरी फार मोठ्या, संथ सूर लावत होत्या. सगळे डोळे मिटून. सूर चांगला वर चढला आणि कमलने हाताने कढईची कड अंदाजून पहिला घाणा सोडला. चर्रर्र. मग झारा आपटला. मग ताटली. मग दुसरा घाणा.

शेषराव दारात येऊन उभे राहिले. हातात अजून सीडीचं रिकामं पाकीट. "कमल."

तिने वळून बघितलं नाही, बघून तरी काय दिसणार होतं. "बोर्ड उद्यापासून बाहेर राहणार का?" तिने विचारलं. आवाज चढवला नाही. पण गाणं चालू असताना घरात कुणी बोललं म्हणजे सगळ्यांना ऐकू जाणारच.

"नंतर बोलू."

"नंतर तुम्ही कुलूप लावता. मला दिवस जात नाही. किती वाजले ते आक्काला विचारत बसते. दगडाला बरं, त्याला ऐकू तरी येत नाही. मला येतं." तिने तिसरा घाणा सोडला.

बाहेरून मूर्ती हसले. रडवेलं हसू होतं ते, पण हसले. "शेषराव गारू," ते म्हणाले, "इतने साल में पहली बार गरम भजी मिलरीं. मैं जारौं तब." मग जरा थांबून म्हणाले, "एक डब्बा ले लो जी. इंटिग्रेटेड. मॅडम चलाते. अब सुनने वाले कौन हैं यहाँ? मैं भी नै रहतौं."

शेषराव ताटली उचलून बाहेर घेऊन गेले. त्या दिवशी बोर्ड कपाटात गेला नाही.

आता सभेतल्या चष्मेवाल्याला सांगा, त्याग कुठे आहे यात. ऐकणारे गेले होते. वायरी बघायला ओट्यामागे वाकलं की शेषरावांची कंबर धरायची. आणि बायकोने चारचौघांत विचारलं होतं. एवढं सगळं जुळून आलं तेव्हा हा माणूस हलला. मी त्याला कमी लेखत नाही, पुष्कळ जण तेवढ्यानेही हलत नाहीत. पण त्याला त्याग म्हणू नका. दुसऱ्याची वस्तू परत केली तर त्याला आपण दान म्हणतो का?

कोठीच्या दुकानात आम्ही तिघं रिक्षाने गेलो. दुकानदार शेषरावांना ओळखणारा, पांढऱ्या दाढीचा. इंटिग्रेटेड म्हटल्यावर त्याने आधी कानावर विश्वास ठेवला नाही.

"साब, आप? प्री-पॉवर निकालरें?"

"हौ, निकालरें," शेषराव म्हणाले. "सारं राज्य अलग होऊ लागलंय, आपण एक करून बघू."

मग त्याने एकेक डबा मांडला. इंटिग्रेटेड म्हणजे तिन्ही डब्यांचं काम एकाच डब्यात. एक बटण दाबा, तो आपला आपण जागा होतो, थोडा थांबून मगच स्पीकर जोडतो. करंट जाऊन आला तरी धाड नाही, असं त्याने छातीवर हात ठेवून सांगितलं. शेषराव प्रत्येकाला मान कलती करून ऐकत होते. एक फार बारीक बटणांचा होता, एक नुसत्या रिमोटवर चालणारा. शेषरावांना रिमोटवाला आवडला. कमल पुढे झाली आणि सगळ्या डब्यांवरून हात फिरवू लागली, बाजारात वांगी बघतात तसा. एका डब्यापाशी थांबली. मोठं, खाचांचं चाक, बोटांना धरता येईल असं. डाव्या कोपऱ्यात एकच ठसठशीत बटण, दाबलं की कट्ट वाजणारं.

"हा," ती म्हणाली.

"त्याचा आवाज ऐकलास का?" शेषराव म्हणाले. "त्यात हवा नाही."

"हवेला खिडकी आहे."

दुकानदाराने तोंड फिरवलं. शेषरावांच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. मला वाटलं खोकला. ते हसत होते. स्वतःवर हसताना मी त्यांना तेवढंच पाहिलं.

लहान डबा त्यांनी मूर्तींना पाठवला. मोठे दोघे कुणी तरुण माणूस घेऊन गेला. नेताना शेषराव त्याला नेम समजावत होते, आधी हा, मग हा, आणि तो मान हलवत होता, न ऐकता. त्या दोघांच्या जागी ओट्यावर दोन चौकोन राहिले, फरशीचा मूळ रंग टिकलेले. टेपच्या बटणावर त्यांनी स्वतः डिंकाने ज्वारीचा दाणा चिकटवला, म्हणजे कमलच्या बोटाला कळावं. दाणा पडला की पुन्हा चिकटवायचे. आणि नव्या डब्याबद्दल त्यांनी कधी खोटं सांगितलं नाही. कुणी विचारलं, कसा वाटतो, तर म्हणायचे, "कमी आहे." कमल समोर असली तरी. मला ते आवडायचं. बरं वाटावं म्हणून गोड बोलणारी माणसं मला सोसत नाहीत.

त्यानंतर त्या घरातून भिंतीतून काय काय यायला लागलं. सकाळी भजन, दुपारी जुनी हिंदी गाणी, मध्येच भावाचा सप्ताह. आवाज इतका मोठा की माझ्या फळीवरचे पेले वाजायचे. मी पेले खालच्या फळीवर ठेवले.

शेवटचं शेषरावांना बघितलं ते एका दुपारी. छातीचं दुखणं सुरू झालेलं, डॉक्टरने जिना बंद केलेला, चेहरा ओढलेला. मी धपाटे घेऊन गेले होते. कमल ओट्यापाशी स्टुलावर, एक हात त्या चाकावर ठेवून, भावाचं भजन ऐकत बसलेली. शेषराव आतल्या दारात उभे होते, चौकटीला धरून. हातात एक सीडी.

"कमल," ते म्हणाले, "माझी एक लावतेस का?"

"हे होऊ दे."

ते भिंतीच्या कडेने येऊन खुर्चीत बसले. सीडी मांडीवर ठेवली. मला म्हणाले, "टाळ आजही मागेच पडायलाय, आक्का."

"पडू दे," कमल म्हणाली.

मी धपाटे झाकून ठेवले. पाणी दिलं. ते बसून होते. मान कलती, डोळे मिटलेले. भजन संपलं, नुसती घरघर राहिली, आणि टेपचं बटण आपोआप कट्कन वर आलं. शेषराव खुर्चीत जरा पुढे सरसावले. सीडी पाकिटातून अर्धी बाहेर काढली. कमलने कॅसेट काढली, दोन्ही अंगांनी बोट फिरवून बघितलं, उलटी केली आणि दुसरी बाजू लावली.

शेषरावांनी सीडी परत पाकिटात सरकवली आणि मागे टेकले.

मी घरी आले.